खुनी आधीच कसा ओळखता?

लोकलमध्ये रहस्यकथा वाचताना मी निम्म्यावरच खुन्याचं नाव सांगून टाकतो. बरेचदा ते बरोबर निघतं, मग ग्रुपमधलं कोणीतरी विचारतंच, "शेवट आधी वाचता का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. नाही वाचत. थांबलेलं घड्याळ, चिखलातले ठसे यांच्याही नादी लागत नाही. त्या खेळात लेखक माझ्याहून तयार असतो. मी माणसं बघतो.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिला: गुन्हेगार कथेत लवकर आला पाहिजे. म्हणजे तो आपल्याला भेटून गेलेला आहे. आता वजाबाकी. मयताशी चारचौघांत भांडलेला कर्जबाजारी पुतण्या आधी बाद, कारण त्याला संशय घ्यायलाच आणलेलं असतं. अपरात्री जिन्यात दिसलेल्या गड्याची भानगड वेगळीच निघते. चुकीच्या माणसाला बेड्या ठोकणारा इन्स्पेक्टर, तोही सोडा.

डिटेक्टिव्हचा साथीदार? एडगर ॲलन पोच्या १८४१च्या कथेत त्याला नावसुद्धा नाही. पुढे होम्सला वॉटसन मिळाला, अर्नाळकरांच्या धनंजयला छोटू. नॉक्सच्या मते याची अक्कल सरासरी वाचकाहून किंचित, अगदी किंचित कमी हवी. (आपल्याला बरं वाटावं, दुसरं काय!) हा सहसा निर्दोष.

उरतो तो उपयोगी माणूस. फॅमिली डॉक्टर, वकील, घरचा जुना स्नेही. सगळ्यांच्या मदतीला धावणारा, आणि त्यामुळे कुठेही असला तरी 'हा इथे कसा?' असं कोणी विचारत नाही. विलायती बंगल्यातली कथा मुंबईच्या टॉवरमध्ये आणली की मी थेट सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बघतो. डुप्लिकेट किल्ली त्याच्याकडे, सीसीटीव्ही त्याच्या ताब्यात, पंचनाम्यावर सहीसुद्धा त्याचीच.

गिरगावातल्या चाळीत हे अवघड. सामाईक गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी नजरेस पडतोच. तिथे मी नजरेस पडूनही हिशेबात न धरला जाणारा माणूस शोधतो: दूधवाला, कुरियरवाला. इंग्रज लेखक चेस्टरटनच्या फादर ब्राउनने, म्हणजे गुन्हे उकलणाऱ्या पाद्र्याने, ही मेख कधीच ओळखली होती. त्याच्या एका कथेत चार जण दारावर लक्ष ठेवून असतात आणि शपथेवर सांगतात, आत कोणी गेलं नाही. पोस्टमन गेलेला असतो.

वेब सिरीजला मात्र एवढं डोकं लागत नाही. नावाजलेला नट पहिल्या भागात नुसता "सॉरी फॉर युअर लॉस" म्हणून गेला, की तोच.