लिनिअर शीट अपडेट: चार रन सापडले!

लिनिअर शीट म्हणजे क्रिकेटचा स्कोअर बॉलनिहाय, एका ओळीखाली एक असा लिहायचा कागद. मागच्या वेळी लिहिलं होतं की ते हाताला बसलंय, आता सोबतचं साधं स्कोअरबुक बंद करतो. रविवारी आझाद मैदानावर त्या शीटची खरी परीक्षा झाली.

187 ऑल आउट. माझे 187, शेजारी ॲपवर बसलेल्या पोराचेही 187, एक्स्ट्रा दोघांचे 24. मग बोलिंग वाचायला घेतली आणि ऑफस्पिनरपाशी गाडी अडली. माझ्याकडे 8-1-32-2 (ओव्हर, मेडन, रन, विकेट), त्याच्याकडे रन 36. बाकी बोलर तंतोतंत.

वैताग म्हणजे ताळा दोघांचाही बसत होता! माझे बोलर (वाइड, नो बॉल धरून) 172, अधिक बोलरवर न जाणारे बाय (बॉल कशालाच न लागता निघालेले रन) 9, लेग बाय (अंगाला लागून निघालेले) 6, झाले 187. त्याचे बोलर 176, बाय 5, लेग बाय 6, तेही 187. टोटल चुकली असती तर निदान शोधायचं कुठे ते तरी कळलं असतं, इथे दोन्ही कागद छातीठोकपणे बरोबर आणि लंच संपायला पंधरा मिनिटं.

साध्या बुकात त्या बोलरचे आठही चौकोन उकरत बसलो असतो. शीटवर प्रत्येक बॉल कुणी खेळला, कितव्या मिनिटाला, सगळं एका ओळीत, त्यामुळे पोरगा लॉग वाचत गेला आणि मी बोट सरकवत गेलो. 23वी ओव्हर, चौथा बॉल. माझ्याकडे गोलात त्रिकोण, म्हणजे नो बॉलवर बाय, आणि त्याला लागून 4. लेगबाहेर खाली राहिलेला बॉल, कीपरच्या ग्लोव्हजखालून थेट बाउंड्री. अंपायरनी आमच्याकडे बघून आधी नो बॉल, मग बाय, मग फोर दाखवलेला, मी हात वर केलेला, सगळं आठवलं. ॲपवर होतं: नो बॉल 5.

पोरगा म्हणाला, "दादा, नो बॉलवर बाय असतो कुठे?" मागे बसलेले क्लबचे एक काकाही त्याच्या बाजूने, आमच्या वेळी असे सगळे रन नो बॉलच लिहायचे म्हणाले. त्यांच्या वेळचं बरोबरच आहे, 2017 च्या ऑक्टोबरपर्यंत तसंच होतं आणि पाचही रन बोलरच्या नावावर जायचे. आता क्रिकेटच्या कायदा 21.16 प्रमाणे नो बॉलचा 1 वेगळा आणि बॅटला न लागता निघालेले रन बाय नाहीतर लेग बाय. बोलरला फक्त 1. वाइडला मात्र हे लावू नका, तिथे पळालेले रनही वाइडच आणि सगळे बोलरवर. अंपायर साहेबांना विचारून घेतलं, त्यांनी लगेच दुजोरा दिला, ॲपमध्ये दुरुस्ती झाली आणि ऑफस्पिनर 32 वर आला. पोराने स्वतःहून शीटचा फोटो काढून घेतला, फार बरं वाटलं.

सामानाचं: प्रत्येक बोलर वेगळ्या रंगात लिहितो, पण जेल पेन बंद. दव पडलेल्या टेबलावर हिरवी शाई पसरली आणि दोन बोलर एकमेकांत मिसळले. चार रंगांचं साधं बॉलपेनच घ्या. कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवरून जाड घेतलाय, ए-थ्री, खाडाखोड सोसतो.

घरी सराव म्हणून शाळेच्या मॅचमध्ये एका डावात 1009 काढणाऱ्या प्रणव धनावडेचा हिशोब मांडला, 129 चौकार आणि 59 षटकार म्हणजे 870, उरलेले 139 पळून. कल्याणला 2016 मध्ये ज्यांनी ते बॉल बॉल करून लिहिलं त्यांना मनापासून सलाम.

एक्सेल शीट बनवायचं ठरलं होतं, ते आता मागे. त्याऐवजी दर पाच ओव्हरला नुसती टोटल नाही, चालू बोलरचे आकडेही दुसऱ्या स्कोअररशी जुळवायचे. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, ओव्हरच्या शेवटी "बोलरवर नाही" असा एक बारीक कॉलम टाकला तर? बाय, लेग बाय, पेनल्टीचे पाच, सगळं तिथे. आज रात्रीच आखतो, रविवारी क्रॉस मैदानाला नवीन शीट घेऊन बसणार. कुणी असा कॉलम आधी वापरला असेल तर रुंदी किती ठेवलीत ते सांगा, माझ्याकडे उजवीकडे जेमतेम दोन सेंटिमीटर उरतात.