लोडाईचा इक्थिओसॉर: शेपटीचं वरचं पातं अखेर टिकलं

मंडळी, शेपटी उभी राहिली! गुजरातमधल्या कच्छच्या लोडाईला सापडलेल्या इक्थिओसॉरचं, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातल्या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचं, मी खऱ्याच्या विसाव्या भागाएवढं (1:20) मॉडेल बनवतोय. मागच्या फोटोत वरचं पातं मुळाशी तडकून एका बाजूला कललेलं होतं. आज सकाळी नवीन पातं चिमटीत धरून दाबलं, वाकवलं, हलवलं. ते जागचं हललं नाही.

अडचण प्राण्याच्या रचनेतच आहे. इक्थिओसॉरचा कणा शेपटीत खाली वळून खालच्या पात्यात शिरतो. वरच्या पात्यात एकही हाड नाही. आर्मेचरची (मॉडेलच्या आतल्या सांगाड्याची) तार कण्याच्याच रेषेत असल्यामुळे तीही खालीच जाते आणि वर उरते नुसती पुट्टी. 1:20 ला पातं पातळ ठेवलं तर घट्ट होण्याआधीच लवतं, जाड केलं तर मुळाशी चीर जाते. वर एक तार घाल, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं. पण जिथे हाड नव्हतं तिथे तार घालायची नाही, हे मी आधीपासून ठरवलंय. 1838 मध्ये इंग्लिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने एकाच जागी वाकलेल्या शेपट्या पुन्हापुन्हा पाहून तिथे पंख असणार हे ताडलं. पुढे 1890च्या दशकात जर्मनीतल्या होल्ट्समाडेनला बर्नहार्ड हाउफने देहाच्या बाह्यरेषेसकट जीवाश्म खडकातून साफ करून काढले आणि हाडाविना उभं असलेलं ते पातं सगळ्यांना दिसलं. मला मॉडेलमध्ये नेमकं तेच हवं आहे.

उपाय त्या होल्ट्समाडेनच्याच स्टेनॉप्टेरिजियस नावाच्या इक्थिओसॉरमध्ये सापडला. त्याच्या पंखांत कोलॅजनसारख्या तंतूंचे थर नोंदवलेले आहेत. मग तंतूच का देऊ नयेत? चहाच्या गाळणीची स्टीलची बारीक जाळी तिरकी कापली, दोन थर एकमेकांवर आडवे ठेवले आणि दोन्ही बाजूंनी पुट्टी दाबून भरली. पुट्टी हार्डवेअरच्या दुकानातलीच वापरा. हॉबीवाल्यांची महागडी पुट्टी आपल्या पावसाळी हवेत फार रेंगाळते. गुळगुळीत करायला दाताच्या डॉक्टरांची हत्यारं मिळाली तर दुसरं काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. लोडाईच्या नमुन्यात वळणाच्या पुढची शेपटी मिळालेलीच नाही, त्यामुळे पात्याचा आकार मी जवळपास 3 कोटी वर्षं आधीच्या जर्मन प्राण्यावरून घेतलाय. म्हणून पाटीवर ‘ऑफ्थॅल्मोसॉरिड, कच्छ’ एवढंच लिहिणार (ऑफ्थॅल्मोसॉरिड म्हणजे ऑफ्थॅल्मोसॉरस आणि त्याच्या नात्यातल्या इक्थिओसॉरांचं कुळ). लोडाईच्या नमुन्यावरच्या 2017च्या शोधनिबंधातही प्रजात नक्की केलेली नाही. आपण ऑफ्थॅल्मोसॉरस म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

डोळे बसले, आणि काय सुरेख बसले! ऑफ्थॅल्मोसॉरसचा डोळा 22-23 सेंमी व्यासाचा, म्हणजे आपल्याकडे 11 मिमी. भोवतीच्या हाडाच्या कड्याची एकेक पट्टी वेगळी कापून लावली.

हे लिहितानाच सुचतंय: जाळीमुळे पातं वाकूनही टिकतं, तर शेपटी सरळ कशाला ठेवायची? फटकारा मारतानाच दाखवू. म्हणजे पोटाखालचा दांडा मागे सरकवावा लागेल आणि बेसही नव्याने करावा लागेल. होऊ दे. लोडाईच्या थरांत अमोनाइट आणि बेलेम्नाइट (माखलीच्या नात्यातले नामशेष समुद्री प्राणी) मिळतात, ते तळावर विखरून टाकेन. लोडाईच्या नमुन्याचे दात झिजलेले आहेत, म्हणजे खाणं कठीण कवचाचं असावं. तेव्हा जबडाही थोडा उघडा ठेवतो.

रंग गडद पाठ, फिकं पोट. हे 2018च्या अभ्यासातल्या स्टेनॉप्टेरिजियसच्या टिकून राहिलेल्या त्वचेवरून. एअरब्रशने पाठीचा गडद रंग पोटाकडे उतरवताना मधे कड उठू नये म्हणून कोण काय करतं, ते सांगा. रविवारी प्रायमर मारतोय.