रफार जागेवर बसवणाऱ्यांसाठी

पाडव्यानंतरच्या आठवड्यात एक काका मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचायला आले होते. मी कॉम्प्युटरवर बाजूच्या खिडकीत लिबरऑफिस या लिखाणाच्या सॉफ्टवेअरच्या देणगीचं पान उघडलेलं त्यांनी पाहिलं. म्हणाले, "ताई, हे तर फुकट असतं ना? मग पैसे कशाला भरताय?" दुकानात गर्दी होती, त्यांना नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळीत एखादा अंक. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरव्यवस्था) नसलेल्या फाँटांवर काम केलं. ते सॉफ्टवेअर मी रीतसर विकत घेतलं होतं, सोबत डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्ली, मिळालं होतं. एका पावसाळ्यात डोंगल बंद पडलं. कंपनी म्हणाली, ती आवृत्ती आता चालत नाही, नवी घ्या. तोवर एका वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेची २१२ पानं माझ्याच कॉम्प्युटरवर माझ्यासाठी बंद झाली होती. दुसऱ्या फाँटात उघडलं की नुसती चिन्हांची रांगोळी. छापील प्रत समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं, तीन आठवडे. पैसे मोजूनही माझी अक्षरं माझी नव्हती, ही गोष्ट तेव्हा मनात रुतली.

आता मी लिबरऑफिसवर काम करते. काकांच्या पत्रिकेतली एक ओळ घ्या: 'मंगल कार्यालय, कऱ्हाड'. 'कार्यालय' लिहिताना मी र, हलन्त, य, काना या क्रमानं दाबते. पण कागदावर रफार उडी मारून कान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'कऱ्हाड'मधला ऱ वर जात नाही, ह-च्या आधी आडवी छोटी कमान होऊन राहतो. 'दिवस'मधली वेलांटी टाइप करायची द-नंतर, दिसायला हवी द-च्या आधी. ही सगळी मांडामांड हार्फबझ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर करतं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. तुमच्या अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये मराठी सरळ दिसते ती त्याच्यामुळे.

२०१७ साली आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर हार्फबझच वापरतं. ते काम मुख्यतः खालेद होस्नी या इजिप्शियन माणसानं केलं, अरबी लिपीच्या ओढीनं. त्याचा फायदा माझ्या देवनागरीला झाला. पुढे लिबरऑफिस सांभाळणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशननं त्यांना पगारावर घेतलं, आणि या संस्थेचा खर्च बहुतांशी देणग्यांवर चालतो. काका, माझे पैसे तिथे जातात.

शिवाय मुक्त म्हणजे फुकट असं कुणीच ठरवलेलं नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८५ साली ईमॅक्स या मजकूर लिहायच्या साधनाच्या टेपा १५० डॉलरला विकत होते. घेणाऱ्याला आतला कोड वाचायची, बदलायची, पुढे द्यायची मोकळीक होती, एवढंच.

पैसे दिले नाहीत तर काय होतं, हे मार्च २०२४मध्ये दिसलं. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं छोटं साधन. जगभरच्या लिनक्स यंत्रांत असतं, आणि वर्षानुवर्षं एकच माणूस ते बिनपगारी सांभाळत होता. तो थकलेला पाहून मदतनीस म्हणून आलेल्या कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमावला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला म्हणून ते उघडकीला आलं. त्या थकलेल्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. मीही दिवाळीत रात्री दोनपर्यंत एकटी बसते, पण मला त्याचे पैसे मिळतात.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल मी हट्टी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला तेव्हा तीनपैकी दोन जुनी यंत्रं लिनक्स मिंटवर नेली. चार जीबी रॅममध्ये ती अजून छान चालतात. तिसऱ्यावर विंडोज आहे, कारण ऑफसेट छपाईवाले कोरल या विकतच्या सॉफ्टवेअरचीच फाइल मागतात. त्याचे पैसे मी भरते, आणि ते योग्यच आहे. मग ज्यावर माझं निम्मं पोट चालतं, त्याला काहीच न देणं मला पटत नाही.

वर्षाला सहा हजार बाजूला काढते: तीन लिबरऑफिसला, दोन मिंटला, एक चित्रं काढायच्या इंकस्केपला. पाडव्याला वहीपूजन झालं की वहीच्या पहिल्या पानावर, कागद आणि शाईच्या खर्चाशेजारी, तो आकडा लिहिते. पहिल्या वर्षी बँकेनं परदेशी व्यवहार म्हणून दोनदा कार्ड नाकारलं. शाखेत जाऊन ते चालू करून घेतलं.

काकांनी प्रुफात दोन चुका काढल्या, दोन्ही नावांच्या. 'कऱ्हाड'वर त्यांचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. ते गेल्यावर मी देणगीचं पान पुन्हा उघडलं आणि ओटीपी टाकला.