वीस जोड्या, चाळीस प्रायमर

एम.एस्सी.च्या प्रकल्पात वाटाण्याच्या १२ वाणांमधली जनुकीय विविधता एसएसआर मार्करने (डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी बघून) तपासली. प्रबंध बाइंडिंगला गेलाय, तरी खरेदी विभागातल्या त्या फाइलीचा राग अजून उतरलेला नाही.

अर्जात मी लिहिलं होतं, '२० प्रायमर-जोड्या'. प्रायमर म्हणजे डीएनएचा हवा तो भाग हेरणारे छोटे तुकडे. कोटेशनमध्ये आल्या ४० ओळी. येणारच, एका जोडीत एक फॉरवर्ड, एक रिव्हर्स, त्या भागाच्या दोन टोकांसाठी. पण 'मंजुरी २० ची, मागणी ४० ची' असा शेरा मारून फाइल परत! समजवायला गेले, तर "मॅडम, लेखी द्या." लेखी दिलं. तोवर तीनपैकी एका कोटेशनची मुदत संपली. नवीन आणलं तर दर बदललेला, म्हणून तुलनात्मक तक्ता पुन्हा. त्यावर विभागप्रमुखांची सही हवी आणि सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी. डिसेंबरात दिलेली फाइल फेब्रुवारीअखेर सुटली. डीएनए काढायला लागणारं सीटॅब आणि जेल बनवायचं अ‍ॅगारोजही त्यातच होतं, त्यामुळे हात बांधलेले. तुम्ही अर्जातच '४० ऑलिगो (२० जोड्या)' लिहा, ऑलिगो म्हणजे सुटे प्रायमर.

वाटाणा थंडीचं पीक. गच्चीतल्या कुंड्यांमधली रोपं तोवर निबर झाली आणि निबर पानांतून डीएनए चिकट येतो. मार्चमध्ये पुन्हा पेरलं, तर सोलापूरच्या उन्हात रोपं माना टाकू लागली. शेवटी तापमान स्थिर ठेवणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये २० अंशांवर ओल्या कागदावर बी रुजवलं आणि कोवळी पानं घेतली. हे आधीच करायला हवं होतं.

पुढचं डीएनए काढणं, पीसीआर (हव्या भागाच्या भरपूर प्रती काढणं) सुरळीत झालं. हो, प्रायमर कोरडे येतात. ट्यूब उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, नाहीतर पावडर झाकणाला चिकटून वाया जाते. आणि वाटाणा स्वपरागित असल्याने शुद्ध वाणात जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) एसएसआरची बहुधा एकच पट्टी दिसते. दोन दिसल्या की आधी बियाण्यात भेसळ आहे का बघा. आरएपीडी या दुसऱ्या मार्करपेक्षा एसएसआर घ्या असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच: आरएपीडीत पट्टी आहे की नाही एवढंच कळतं, एकाच ठिकाणचे दोन अ‍ॅलील (म्हणजे त्या जागेची दोन रूपं) वेगळे ओळखता येत नाहीत.

अर्केल आणि काशी नंदिनी या दोन वाणांच्या शेंगा शेजारी ठेवल्या तर मला ओळखता येत नाहीत. ३ टक्के अ‍ॅगारोजच्या पहिल्याच जेलवर दोघींच्या पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर उमटल्या. रात्रीचे दहा वाजले होते, तरी तो फोटो मी आईला लगेच पाठवला.