ॲलर्जीच्या सुयांचं दीड वर्ष आणि माझी हिशोबाची वही

आमच्या पाचोऱ्याकडे 'ॲलर्जीचं इंजेक्शन' म्हटलं की लोकांना एकच माहिती, गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं, तो एविल नाहीतर डेक्सा देतो, शंभर-दीडशेत काम, दोन दिवस नाक मोकळं आणि तिसऱ्या दिवशी परत शिंका चालू. मीही सात-आठ वर्षं तेच केलं. म्हणून जळगावच्या डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की तुला इंजेक्शन घ्यावे लागतील आणि तीन ते पाच वर्षं, तेव्हा मला वाटलं माणूस गंमत करतोय. हे इंजेक्शनच वेगळं असतं भो. ज्या गोष्टीची ॲलर्जी तिचाच अर्क अगदी थोडा थोडा वाढवत देतात, शरीराला सवय लागावी म्हणून. लगेच आराम पडत नाही, मला फरक कळायलाच सात महिने गेले.

सुरुवात टेस्टपासून, तिथेच पहिली फेरी फुकट गेली. मी आदल्या रात्री सवयीने सेटिरिझिन, म्हणजे शिंकांची ॲलर्जीची गोळी, घेतलेली. हातावर थेंब टाकून सुईने टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी बघतात, पण गोळी अंगात असली की गांधीच उठत नाही. माझी तर हिस्टामिनच्या थेंबावरही उठली नाही, जी सगळ्यांना उठायलाच पाहिजे. आठवड्याभराने परत या म्हणाले, आणि तोवर सर्दीची साधी गोळीपण नको, तिच्यातही हेच औषध असू शकतं. आधीच फोनवर सांगितलं असतं तर?

दुसऱ्यांदा निकाल आला तोही वेगळाच. मी आडतीवर कामाला, कापूस, धान्य, धूळ, सगळा दोष त्यांना द्यायचो. निघाली गादीतल्या बारीक किड्यांची, माइट म्हणतात ते, आणि थोडी गाजर गवताची. म्हणजे शत्रू उशाखालीच.

आता पैशाचं, कारण तेच कोणी नीट सांगत नाही. काउंटरवर विचारलं तर म्हणे "साडेसहा हजार". मी खुश. ते फक्त पहिल्या बाटल्यांचे होते हो, रुग्णाच्या नावाने ऑर्डर देऊन बनवून येतात, पातळ आधी मग घट्ट. सुरुवातीला 20 आठवडे दर आठवड्याला, नंतर महिन्याला एकदा, म्हणजे पहिल्या वर्षी 27 फेऱ्या. टोचायचे दर वेळी 150, रेल्वे-रिक्षा-चहा धरून 200, आणि आडतीवरचा खाडा 500. टेस्ट 3,500, बाटल्या दोन वेळच्या मिळून 11,000. बेरीज मारली तर 37,450. औषध त्यात तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. विम्याला विचारलं तर माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही, भरती झालो तरच. म्हणून विचारायचं तर "बाटली केवढ्याची" नाही, "पूर्ण कोर्समध्ये किती बाटल्या आणि किती फेऱ्या" असं विचारा, आणि लिहून घ्या.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात त्याचा मला भारी राग यायचा, गाडी चुकायची ना. एकदोनदा सिस्टरला गळ घातली की जाऊ द्या. नाही दिलं, नशीब माझं. नवव्या आठवड्यात गाडी लेट झाली म्हणून स्टेशनवरून पळत पळत गेलो, सुई घेतली आणि वीसेक मिनिटांत तळहात खाजायला लागले, ओठ जड, घशात काहीतरी अडकल्यासारखं. सिस्टरने एका क्षणात मांडीत ॲड्रेनालिन, म्हणजे अशी रिॲक्शन आवरणारं इंजेक्शन, दिलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. रेल्वेत असतो तर? पुढचा डोस कमी केला, आणि टोचायच्या आधी-नंतर पळापळ बंद म्हणाले. ताप किंवा दमा वाढलेला असला तर त्या दिवशी देतच नाहीत. बीपीच्या काही गोळ्या चालत असतील तर तेही आधी सांगावं लागतं, कारण रिॲक्शन आली तर ॲड्रेनालिन नीट काम करत नाही.

बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, 2 ते 8 डिग्री, बर्फाच्या कप्प्यात नाही. आपल्याकडे मे महिन्यात लाइट गेली की काय होतं ते तुम्हाला माहितीच. एकदा पूर्ण रात्र आणि अर्धा दिवस गेली, बाटली बाद, नवी मागवली, तो खर्च वरच्या हिशोबात धरलेलाच नाही. आता थर्मासमध्ये बर्फाचं पाकीट कायम तयार असतं. आईला हे सगळं अजून पटलेलं नाही, "आते कितला दिन सुया टोची लेशी रे भाऊ?" असं दर महिन्याला विचारते.

एक बरं झालं, पहिल्या वर्षानंतर महिन्याच्या डोससाठी जळगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आता पाचोऱ्यातच टोचून घेतो, ॲड्रेनालिन तयार ठेवणाऱ्या डॉक्टरकडे. नवी बाटली उघडली की तिचा पहिला डोस मात्र तिकडेच, तोही कमी करून. खाडे वाचले.

यंदा दिवाळीला माळा मीच झाडला, तोंडाला रुमाल बांधून. बायकोने शिंका मोजल्या, चार. मागच्या वर्षी तिने मोजणं सोडून दिलेलं. बाटली संपत आलीय, सोमवारी ऑर्डरसाठी फोन करायचाय.