उसनं नेलेलं

लग्नघरात उसन्या दागिन्यांचा हिशेब आईच्या डोक्यात असतो. नवरीच्या गळ्यातली मोहनमाळ धाकट्या काकूची, पाटल्या मावशीच्या, आणि बाजूबंद कुणाचे ते तिचं तिलाच ठाऊक. कार्य उरकलं की ती एकेक वस्तू मऊ रुमालात गुंडाळते, ज्याची त्याला पोचती करते आणि वर चार लाडूही देते. उसनं नेलेलं नुसतं परत करायचं नसतं.

फिलिपिन्सची मारिया मकिलिंग मला जवळची वाटते ती या व्यवहारामुळे. लुझोन बेटावर, मनिलाच्या दक्षिणेला, मकिलिंग नावाचा सुमारे १,०९० मीटर उंचीचा डोंगर आहे. मुळात तो ज्वालामुखी. आता थंडावलाय, पण पायथ्याच्या लॉस बान्योस गावात गरम पाण्याचे झरे अजून वाहतात. लांबून बघितलं तर डोंगराची धार उताण्या निजलेल्या बाईसारखी दिसते. तीच मारिया, डोंगराची राखण करणारी दिवाता, म्हणजे तिथली वनदेवता. पायथ्याच्या गावांत सांगायचे, की लग्नाकार्याला कपडे-दागिने कमी पडले तर मारियाकडे मागावेत, ती देते. परत करताना मात्र सोबत एक तलंग द्यायची. दुधासारखी पांढरी, आणि अजून एकही अंडं न घातलेली. कोकणातल्या माणसाला राखणदार आणि कोंबडं ही जोडी नवी नाही. पण दागिन्यांवर व्याज म्हणून तलंग घेणारी राखणदारीण मला तरी दुसरी माहीत नाही.

हे सगळं लिहून ठेवलं होसे रिझाल यांनी. फिलिपिन्सचा हा राष्ट्रपुरुष १८६१ साली मकिलिंगच्याच पायथ्याशी, कलांबा गावात जन्मला. १८९० साली, युरोपात असताना, ‘ला सोलिदारिदाद’ या वृत्तपत्रात त्यांनी मारियावर लेख लिहिला. त्यातली मारिया उंच, सावळी, काळ्याभोर डोळ्यांची, लांब केसांची. वादळ होऊन गेलं की ती डोंगरात फिरते, आणि जिथून जाते तिथली मोडली-पडली झाडं पुन्हा ताठ उभी राहतात. चित्रकारांनी तिला पुढे फारच अप्सरा करून टाकलं. पांढरं वस्त्र, मोकळे केस, भोवती धुकं, शेजारी हरीण. चित्रं देखणी आहेत, तक्रार नाही. पण त्या बाईकडे पाटल्या मागायला जाण्याची हिंमत व्हायची नाही. त्यापेक्षा लॉस बान्योसच्या विद्यापीठाच्या आवारातला पुतळा मला पटतो. तिथे तिच्याजवळ मातीचा घडा आहे आणि लोक तिला ‘मारियांग बांगा’, म्हणजे घडेवाली मारिया, म्हणतात. घडा घेतलेल्या बाईशी निदान बोलता तरी येतं.

तर एके दिवशी मारियानं देणं बंद केलं. दिसेनाशीच झाली. का, यावर गावात एकमत नाही. कुणी म्हणतं, लोकांनी नेलेले दागिने परतच केले नाहीत. हे कारण आपल्या फार ओळखीचं. आपल्याकडेही किती तरी गावांत असं एखादं टाकं किंवा कुंड असतं. कार्याच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन मागितलं की भांडी वर यायची. मग एकानं एक तपेलं घरी ठेवून घेतलं आणि देणं कायमचं बंद. सह्याद्रीतल्या ढाकच्या बहिरीच्या गुहेत तर टाक्यातली भांडी आजही वापरता येतात. डोंगर चढून गेलेली मंडळी त्यात शिजवतात, घासून-पुसून जागच्या जागी ठेवतात, आणि घरी काही नेण्याची कुणाची छाती होत नाही.

आपल्या या गोष्टींतला चोर मात्र कायम ‘कुणीतरी एक’ असतो. ना नाव, ना घराणं. तपेलं नेमकं कुणाकडे राहिलं हे गावाला पक्कं ठाऊक असणार, पण सांगताना सगळे मोघम बोलतात. कलांबाची माणसं तेवढी मोघम नव्हती. रिझाल यांनी नोंदवलेलं आणखी एक कारण असं, की दोमिनिकन या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांना मारियाचा अर्धा डोंगर बळकवायचा होता, म्हणून ती रुसली. आता हे छापून येत होतं तेव्हा कलांबाची शेतजमीन याच दोमिनिकन संघाच्या मालकीची होती. रिझाल यांचं घर त्यांचं कूळ. खंडावरून वाद पेटला होता आणि घराघरांतून कुळांना बाहेर काढणं चालू होतं. रिझालांचं स्वतःचं कुटुंबही त्यातून सुटलं नाही. परीकथा सांगतो म्हणत या माणसानं सातबाराच वाचून दाखवला!

लेखाच्या शेवटी प्रेमकथा आहे, तिथेही तोच रोख. मारियाचा जीव एका तरुण शेतकऱ्यावर जडलेला. तेव्हा राज्य स्पेनचं. सरकारी सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या निघणार म्हणताच तो घाबरतो आणि भरती टळावी म्हणून दुसरीशी लग्न ठरवतो. मारिया त्याला एकदाच भेटते, माझ्यावर भरवसा ठेवायचा होतास एवढं सुनावते आणि निघून जाते. इथे सवतीपेक्षा सरकारचाच राग जास्त येतो. रिझाल यांना १८९६च्या डिसेंबरात याच स्पॅनिश सरकारनं गोळ्या घातल्या.

मारिया गेली तरी डोंगराचे नियम राहिले. रानात फळं पोटभर खा, घरी नेऊ नका. नेलीत तर वाट चुकाल. झाडाझुडपांतून जाताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणा, म्हणजे जरा बाजूला व्हा हो, आम्ही जातोय. १९१० पासून हे रान राखीव आहे आणि विद्यापीठ ते सांभाळतं.

उसनवारीचा व्यवहार पायथ्याशी अजून चालतो, फक्त आता दागिन्यांऐवजी बियाण्यांचा. लॉस बान्योसमध्येच १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. १९६६ साली तिनं आयआर-८ हे बुटकं, भरघोस दाण्याचं भात दिलं. ते आपल्या शेतांतही आलं. पुढे भाताची रोपं खुरटवून टाकणारा एक विषाणू आशियात पसरला, तेव्हा संस्थेनं हजारो वाणं तपासली. त्याला दाद न देणारं सापडलं ते उत्तर प्रदेशातलं एक रानटी भात. गवतासारखं, कुणी मुद्दाम पेरत नसलेलं. त्याचा गुण घेऊन १९७६ साली आयआर-३६ आलं. म्हणजे आपल्या बाजूनं तलंग पोचती झालेली आहे.