कोंबडी सोलू नका, सूप करायचंय

नागपूरकराचा रस्सा तर्रीशिवाय होत नाही. वाटीच्या काठाला लाल तेलाची रेघ उमटली नाही, तर आमच्याकडे त्या रश्श्याला सरळ 'दवाखान्यातलं' म्हणतात. मीही त्यातलीच. सावजीच्या काळ्या रश्श्यावर पोसलेल्या जिभेपुढे मीठ-मिऱ्याचं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी ठेवलं, तर ती आधी लिंबू कुठे आहे ते पाहते. पण जर्मनीत लाइपझिगला राहायला लागल्यापासून तेच पाणी माझं हिवाळ्यातलं हक्काचं जेवण झालं आहे, आणि या डिसेंबरात सुट्टीवर आल्यावर मी ते प्रतापनगरला आईच्या गॅसवर करायला घेतलं. त्यानंतर माझं मत पक्कं झालं. जर्मन पद्धतीचं भाज्या घातलेलं चिकन सूप करायला लाइपझिगपेक्षा नागपूर बरं. या सुपात मसाला नाही, वाटण नाही, त्यामुळे कोंबडी आणि भाजी जशी असेल तशी उघडी पडते. आणि या दोन्ही बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत.

आधी तिकडचं सांगते. सर्दी-ताप झाला की ऑफिसातले लोक गोळीचं नाव सांगत नाहीत, 'ह्यूनरझुप्पे कर', म्हणजे कोंबडीचं सूप कर, म्हणतात. आजारपण तीन दिवसांच्या वर गेलं तरच कायद्याने डॉक्टरची चिठ्ठी लागते, काही कंपन्या आधीही मागतात. डॉक्टरकडे गेलात तरी बहुतेक वेळा चहा, आराम आणि चिठ्ठी एवढंच हाती येतं. आपल्याकडून गेलेल्या माणसाला हे फसवणुकीसारखं वाटतं, कारण निदान एक इंजेक्शन तरी हवं असतं! मग रविवारी दुकानं बंद, डोकं जड, आणि फ्रीजरमध्ये शनिवारी आणून ठेवलेली कोंबडी.

ही कोंबडी म्हणजे आपल्या बिर्याणीतला ब्रॉयलर नव्हे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचं पोर असतं. मऊ असतं, पण पाण्याला देण्यासारखं त्याच्याजवळ फार नसतं. सुपासाठी तिकडे 'झुप्पनहून' मिळते, म्हणजे अंडी देऊन झालेली, वर्ष-सव्वा वर्ष वयाची कोंबडी. चिवट, पण चवीला भरभक्कम. तिच्या सांध्यांत आणि कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं, मंद आचेवर त्याचं जिलेटिन होतं आणि पाण्याला अंग येतं. सूप फ्रीजमध्ये ठेवल्यावर थलथलीत जेलीसारखं बसलं, तर काम जमलं समजायचं.

सोबत भाज्यांची एक तयार जुडी मिळते. तिच्यात गाजर, लीक (कांद्याच्या जातीची जाड पात), सेलेरीच्या गड्ड्याचा एक तुकडा आणि पार्सली, सगळं रबरात बांधलेलं. सोय म्हणून उत्तम. पण जानेवारीत त्या गाजराला गाजराचा वास येतो असं मी शपथेवर सांगणार नाही.

आता नागपूर. यंदा पहिला पेच पंचांगाचा आला. मार्गशीर्षात आमच्या घरी गुरुवारी कोंबडीचं नावही निघत नाही, सोमवारी बाबांचा उपास, शनिवारी मारुती. ठरला रविवार. आईने परवानगी दिली, पण तिच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, नाही. मग मागच्या पडवीतला मोठा जुना गंज निघाला, जो फक्त मटणाला चढतो.

कोंबडीवाल्याकडे खरी गंमत झाली. आपल्याकडे न विचारता कातडी ओढून काढतात. मी म्हटलं, "भाऊ, सोलू नका, पिसं काढून भाजून द्या. आणि पंजेही द्या." त्याने सुरी खाली ठेवली. "ताई, पंजे कायले पायजेत? कुत्र्यासाठी?" शेवटी पंजे त्याने फुकटच दिले. ते घासून धुवायचे, नखं कापून टाकायची आणि गंजात सोडायचे, कारण जिलेटिनचा मोठा वाटा तिथूनच येतो. गावरान मिळाली तर फारच छान, नाहीतर अंड्यावरची म्हातारी कोंबडी मागा. दीड किलोच्या आसपास असली की चार-पाच जणांना पुरते.

भाजी गोकुळपेठेतून आणली. हिवाळ्यातली लाल गाजरं, नवलकोल, कोवळा मुळा, पात-कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. लीकऐवजी पातीचा पांढरा भाग, सेलेरीच्या गड्ड्याऐवजी नवलकोल. सेलेरीचा वास हवाच असेल तर चिमूटभर अजमोदा फडक्यात बांधून सोडा. ओवा मात्र नको, तो सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. फुलकोबी आणि पत्ताकोबीही नको, तासभर उकळल्या की त्यांचा वास घरभर फिरतो. बटाट्याने पाणी गढूळ होतं. तमालपत्राबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकडचं पान वेगळ्या झाडाचं असतं आणि आपलं दालचिनीच्या सख्ख्या नात्यातलं, त्यामुळे त्याला दालचिनीसारखा गोडसर वास असतो. सुपात अर्धं पान पुष्कळ झालं.

कांदा मात्र दोन्हीकडे सारखाच करतात, आणि हे पाहून मला भारी बरं वाटलं होतं. जर्मन बाई कांदा सालासकट मधोमध कापते आणि कापलेली बाजू कोरड्या तव्यावर काळी होईपर्यंत टेकवून ठेवते, म्हणजे सुपाला सोनेरी रंग येतो. आपण वाटणासाठी कांदा विस्तवात भाजतोच. आईने एका शब्दाने न विचारता दोन कांदे गॅसवर ठेवले, सगळ्या पाककृतीतली तिला पटलेली ही एकच पायरी.

कोंबडी थंड पाण्यातच घालायची. एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर सुटलेली प्रथिनं झपाट्याने गोठतात आणि बारीक कण होऊन पाण्यातच तरंगत राहतात. थंड पाण्यापासून हळूहळू तापवलं की त्यांची करडी मळी वर येते आणि झाऱ्याने काढता येते. पहिली पंधरा-वीस मिनिटं गंजाजवळून हलायचं नाही. पाणी खदखदू द्यायचं नाही. कडेने एखाददुसरा बुडबुडा फुटतोय, मध्ये पृष्ठभाग नुसता थरथरतोय, एवढीच आच. खदखदलं की चरबीचे थेंब फुटून पाण्यात मिसळतात आणि सूप दुधाळ होतं. मळी संपली की भाजलेला कांदा, दहा-बारा मिरे, अर्धं पान. भाज्या शेवटच्या तासाभरात. सगळं मिळून अडीच ते तीन तास.

"तीन तास गॅस जाळून राहिली वं तू?" आईचं म्हणणं. "कुकर नाही का घरात?" प्रश्न रास्त आहे. कुकर चालतो, पण शिट्ट्या चालत नाहीत. शिटी होते तेव्हा दाब एकदम सुटतो आणि आतलं पाणी उसळतं, म्हणजे पुन्हा तेच गढूळ प्रकरण. मळी काढून झाकण लावायचं, पहिली शिटी होता होता आच अगदी बारीक करायची आणि वजन पुन्हा हलणार नाही इतकीच ठेवायची. पाऊण तास. नंतर दाब आपोआप उतरू द्यायचा. माझा जीव गंजात आहे, पण कुकरातलं सूपही स्वच्छ निघतं हे प्रामाणिकपणे सांगते.

गाळून घेतल्यावर उकळलेल्या भाज्या काढून टाका. त्यांच्यात चव उरलेली नसते, द्यायचं ते त्यांनी देऊन टाकलेलं असतं. खायच्या भाज्या वेगळ्या. गाजराच्या चकत्या आणि ओले मटार गाळलेल्या सुपात आठ-दहा मिनिटं शिजवायचे, म्हणजे दाताखाली येतात. मीठ अगदी शेवटी, कारण पाणी आटत जातं तसा खारटपणा वाढतो. मांस हाडांवरून सोडवून तुकडे करून घालायचं.

तिकडे यात बारीक शेवया घालतात. मी आईच्या डब्यातले सरगुंडे घेतले. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, काडीवर गव्हाची कणीक गुंडाळून, काढून वाळवलेल्या या नळ्या विदर्भात उन्हाळ्यात आमरसाबरोबर खातात. वेगळ्या पाण्यात उकडून वाडग्यात घातल्या आणि वरून सूप ओतलं. नळीच्या पोटात सूप शिरतं, एक चावला की गरम रस जिभेवर. त्या जर्मन शेवयांनी यापुढे माझ्याकडून काही अपेक्षा करू नये.

हे सूप खरंच औषधी आहे का, हे बाबांनी विचारलंच. नेब्रास्का विद्यापीठातले डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी २००० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर संशोधन छापलं होतं. सूप होतं त्यांच्या पत्नीच्या लिथुआनियन आजीच्या कृतीचं, त्यात रताळं आणि सलगमही होते. या सुपामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावते, असं दिसलं. सर्दीतली सूज आणि शेंबूड काही अंशी याच पेशींमुळे होतात. पण हे सगळं प्रयोगशाळेतल्या पेशींवर, माणसांवर नाही. बाबा म्हणाले, "म्हणजे सिद्ध नाही झालं." बरोबर. पण वाफ नाकात जाते, पोटात पाणी, मीठ आणि प्रथिनं जातात, आणि तापात भाकरी उतरत नाही तेव्हा हे उतरतं. मला तेवढं पुरतं.

शिवाय नागपूरचा हिवाळा आपण उगीच हलक्यात घेतो. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. लाइपझिगमध्ये बाहेर शून्य असलं तरी घरात हीटर असतो, सदऱ्यावर फिरता येतं. इथे फरशी बर्फ, खिडकीच्या फटीतून वारा, आणि सगळे स्वेटर घालून सोफ्यावर. गरम वाडग्याची खरी गरज इथल्या घरात आहे.

लग्नाच्या पंगतीत कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केलेलं, वर कोबीचे चार धागे तरंगणारं जे काही मिळतं, ते या जातीत मोजू नका. त्यात कोंबडी दिसते फक्त मेन्यूकार्डावर.

उरलं तर फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं. वर बसलेला चरबीचा पिवळा थर टाकू नका, त्यात दुसऱ्या दिवशी भाताला फोडणी द्या. आमच्याकडे मात्र उरलं नाही. शेजारच्या काकूंनी वास घेऊन "कोणाची तब्येत बरी नाही का?" विचारलं आणि वाटीभर नेलं. बाबांनी दुसऱ्या वाडग्यात लिंबू पिळलं, तिसऱ्यात कालच्या रश्श्यातली तर्री चमचाभर घातली, आणि आता हे बरोबर झालं असं जाहीर केलं. मी चाखून पाहिलं. वाईट नव्हतं.